काटा

मी मधला माणूस.
फालेसी बोलायची चिचेवात,
मारित बाई लिहायच्या इंग्रजीत,
आणि या हातून त्या हाती देताना जे सांडायचं
ते माझ्या बुटांवर.

जुलैचा म्वेरा वारा सुटलेला. सरोवर पिंजलेलं.
प्रकल्पाने दिलेला वाळवणीचा तंबू
फाटून बांबूंना बडवत होता.
शेजारच्या जुन्याच माचीवर
फालेसी उसिपा वरखाली करत होती,
बोटभर मासे, हजारो,
सगळ्यांचे डोळे उघडे.

प्रश्न अकरावा: उत्पन्न किती टक्क्यांनी वाढलं?

तिने हात चितेंजेला पुसले.
म्हणाली, वाढलं ते सांगते.
आधी विचार यांना,
गेलेलं कुठल्या रकान्यात लिहायचं?

लिलोंग्वेहून चिसाले यायचा, शुक्रवारी, छोटा ट्रक घेऊन.
त्याची निळी बादली
विस्तवावर धरून पोट फुगवलेली,
वर मासळीचा डोंगर, डोंगरावर त्याची एक मूठ आणखी,
"आई, हे प्रेमाचं."
वीस किलो, तो म्हणायचा.
वीस किलो, आम्ही म्हणायचो.
अकरा वर्षं.

मग तुमचे लोक आले.
फळ्यावर बाण काढून दाखवले, सगळे वर जाणारे.
टी-शर्ट दिले. कर्ज दिलं, ते मी फेडलं, पावती आहे.
आणि तंबूत मासळी किती सुकते
हे त्यांचं त्यांना कळावं म्हणून
आंब्याच्या फांदीला एक काटा टांगला.
आमच्यासाठी नव्हता तो.

एका शुक्रवारी मी चिसालेची बादली त्याला अडकवली.
काटा वीसवर थांबेना.
बाईसुद्धा थांबल्या नाहीत, सगळ्या जणी माच्या सोडून आल्या.
सव्वीस.
चिसाले म्हणाला, काटा खोटा आहे.
मग एनेलेसीने स्वतःचं पोर लटकवलं,
दवाखान्याच्या कार्डावर कालच लिहिलेलं वजन होतं.
तेवढंच भरलं.
चिसाले बराच वेळ
ट्रकचं चाक बघत राहिला.

दर बादलीला सहा किलो.
आठवड्याला चार बादल्या.
मी फोनवर गुणाकार केला.
जवळजवळ पावणेचौदा हजार.
तिला सांगितला नाही.
बाईंना सांगितलं, "पंधरा टक्के."
रकाना दोन अंकांचाच होता.

आता फालेसी मोजून देते.
दुसऱ्यांचा मका, कोळसा, साबणाच्या वड्या,
एका मापाला पन्नास क्वाचा,
विधवांना फुकट, चिसालेला शंभर.
हो, तो अजून येतो. बादली बदलली आहे.
काटा हलायचा थांबेपर्यंत ती कुणाला बोलू देत नाही,
आणि तेवढ्या वेळात
सगळ्या गावाचा श्वास मी ऐकला आहे.
हा धंदा आराखड्यात नव्हता,
म्हणून अहवालात नाही.

संध्याकाळी साहित्याची यादी.
तंबू तीन, फाटलेले दोन.
प्लास्टिकच्या खुर्च्या बारा; सात सापडल्या.
फळा एक.
लटकता काटा एक.
बाईंनी पेन थांबवलं. "काटा?"

भल्या होत्या त्या. त्यांनी फालेसीकडून मासळी घेतली,
भाव केला नाही,
आणि काट्याला हिंमत होत नाही अशा नजरेने
माझ्याकडे पाहिलं.
प्रकल्प संपला की सामान परत,
तोही त्यांचा नियम नव्हता.

"गंजला," मी म्हणालो. "टाकून दिला."
आयुष्यात मी कधी
इतकं चुकीचं भाषांतर केलं नव्हतं.

मापात पाप म्हणतात ते हेच असेल.
घशात काहीतरी रुतलं,
दुपारच्या उसिपाचं एवढंसं हाड, दुसरं काय.
त्यांनी लिहिलं: निकामी.
गाडीत बसताना मागे वळून पाहिलं.
आंब्याखाली चितेंजेच्या झोळीत
कुणाचं तरी पोर पाय झाडत होतं,
आणि फालेसी हात वर करून सगळ्यांना सांगत होती,
थांबा.
अजून हलतोय.